मोंढ्यातल्या खुल्या जागेवर गाळे बांधायलेत, नकाशात तिथं वाळवणीचं पटांगण आहे. दाद कुठं मागायची?

चार एकर कोरडवाहू, लातूर जिल्हा

नमस्कार मंडळी. लातूर जिल्ह्यातल्या एका तालुक्याच्या गावचा आमचा मोंढा, म्हणजे बाजार समितीचा धान्याचा बाजार. गावाचं नाव लिहीत नाही, कारण प्रकरण चालू आहे आणि मला पुढच्या हंगामातही तिथंच माल घालायचाय.

लिलावाच्या शेडमागं एक मोठं मोकळं पटांगण होतं. पावणेदोन एकराच्या थोडं पुढंच भरेल. माझे वडील या मोंढ्यात एकतीस वर्षं हमाल होते. ते त्याला 'खळं' म्हणायचे, गावात सगळेच तसं म्हणतात. ओला माल आला की खळ्यावर पसरायचा, दोन उन्हं द्यायची, मग सौद्याला लावायचा. पूर्वी तिथं बैलगाड्या सोडायचे, आता ट्रॅक्टर आणि टेम्पो लावतात. सौदा लांबला तर माणूस आपल्याच कट्ट्याला (पोत्याला) डोकं टेकून रात्र काढायचा. मी शाळेत असताना वडिलांचा डबा घेऊन जायचो, तेव्हा पसरलेली तूर फिरवायचं काम माझ्याकडं असायचं. अनवाणी पायानं रेघा ओढत या टोकापासून त्या टोकापर्यंत जायचं, म्हणजे खालचा दाणा वर येतो. दुपारी दाणा इतका तापायचा की एका जागी पाय ठेवून उभं राहता यायचं नाही.

गणपती उठले आणि दुसऱ्याच आठवड्यात खळ्याभोवती पत्रे मारले. दसऱ्याला आत कॉलम दिसायला लागले. मी मोजले, दोन ओळीत बावीस गाळे होतील. बाहेर पाटी आहे, 'नियोजित व्यापारी संकुल'. त्या पाटीवर बांधकाम परवानगीचा नंबर नाही, तारीख नाही, काहीच नाही.

यंदाचा सप्टेंबर मराठवाड्यात कसा गेला ते सगळ्यांना माहीत आहे. माझ्या रानातलं निम्मं सोयाबीन पाण्यात बसलं. उरलेलं काढून चौदा कट्टे घेऊन गेलो, 8 क्विंटल 40 किलो भरलं. आडत्याच्या मशीनवर ओल 17 आली. दाताखाली दाणा धरला तर कट् असा आवाज यायला पाहिजे, तो येत नव्हता, मेणासारखा दबत होता. 2025-26 चा हमीभाव क्विंटलला 5,328, पण केंद्रावर माल द्यायचा तर ओल 12 च्या आत लागते. पूर्वी असं झालं की खळ्यावर दोन दिवस पसरायचो आणि निभायचं. या वेळी पसरायला जागाच नव्हती. रस्त्याच्या कडेला ताडपत्री टाकून बघितली, तर ट्रकवाल्यानं हॉर्न वाजवून उठवलं. टेम्पो किरायाचा, माल परत न्यायचा म्हणजे दुप्पट किराया. शेवटी 3,450 नं दिला. त्याच दिवशी वाळलेला माल 4,150 नं गेला. वाळवून वजन घटलं असतं हे मला कळतं. ती घट धरूनही मला चार हजारांच्या आसपास फटका बसला. माझ्या पुढं-मागं त्या दिवशी असे किती जण होते, ते मी डोळ्यानं बघितलंय.

बाजार समितीच्या सचिवांकडं गेलो. ते म्हणाले, "संचालक मंडळाचा ठराव झालाय. जागा समितीची आहे, समितीला उत्पन्न लागतं." नगर परिषदेत गेलो तर बांधकाम विभागातले म्हणाले, "मोंढा बाजार समितीच्या ताब्यात, आमचा संबंध नाही." दोघांनीही तोंडीच सांगितलं, लिहून कुणी दिलं नाही.

आता मुख्य गोष्ट. समितीच्या ऑफिसात भिंतीवर काचेच्या फ्रेममध्ये मोंढ्याचा जुना निळा नकाशा लावलेला होता. 1984 साल आहे त्याच्यावर. खळ्याच्या जागी आडव्या रेघा मारून 'खुली जागा (वाळवणी)' असं स्पष्ट लिहिलेलं आहे. मी मोबाईलवर फोटो काढला. आठ दिवसांनी परत गेलो तर फ्रेम नव्हती. खिळा होता आणि भिंतीवर चौकोनी पांढरा डाग होता.

मला विचारायचंय ते असं. त्या फोटोला काही किंमत आहे का? समिती मोठी की नगर परिषद, कुणाकडं अर्ज करायचा? आणि एक भीती आहे. पत्र्याबाहेर दोन चहाच्या टपऱ्या आणि फळांचे चार गाडे आहेत. 'अतिक्रमण काढा' म्हणून अर्ज दिला तर कॉलम तसेच राहतील आणि या सहा लोकांना उठवतील, असं वडील म्हणायलेत. तसं झालं तर मला गावात तोंड दाखवता येणार नाही.

जुना आरेखक

दादा, आधी हे सांगा, फोटोत नकाशाचा खालचा उजवा कोपरा आलाय का? मंजुरीचा क्रमांक, तारीख, सही-शिक्का तिथं असतो. तो कोपरा असेल तर फोटो कामाचा. नसेल तरी घाबरू नका. भिंतीवरचा नकाशा काढल्यानं नकाशा संपत नाही. रेखांकन (जागेचा लेआउट) मंजूर होतं तेव्हा त्याच्या प्रती निघतात. एक नगर परिषदेच्या दप्तरात असायला हवी, एक जिल्ह्याच्या नगररचना शाखेत. मी एकोणतीस वर्षं हेच नकाशे काढले. जुन्या प्रतींच्या घड्या पडून तुकडे होतात, शाई उडते, पण गठ्ठ्यात त्या सापडतात.

लोक दोन गोष्टींची गल्लत करतात. विकास योजनेतलं आरक्षण वेगळं आणि रेखांकनातली खुली जागा वेगळी. आरक्षण शहराच्या विकास योजनेच्या नकाशावर असतं, त्याला क्रमांक असतो. ते बदलायचं तर महाराष्ट्र प्रादेशिक नियोजन व नगररचना अधिनियम 1966 च्या कलम 37 प्रमाणे जाहीर सूचना, हरकती, सुनावणी, शासनाची मंजुरी, असं सगळं करावं लागतं. रेखांकनातली खुली जागा म्हणजे मोठ्या जमिनीचं रेखांकन करताना सोडावाच लागणारा दहावा हिस्सा. डिसेंबर 2020 ला मुंबई आणि काही भाग सोडून राज्यभर लागू झालेल्या एकत्रिकृत बांधकाम नियमावलीतही 0.4 हेक्टर आणि त्याच्यावरच्या जमिनीला 10 टक्के हाच हिशोब आहे.

तुमचा मोंढा एकूण किती एकराचा, ते तुम्ही लिहिलं नाही. अठराच्या जवळपास असेल तर दहा टक्के म्हणजे एक एकर बत्तीस-तेहतीस गुंठे. तुम्ही 'पावणेदोन एकराच्या थोडं पुढं' म्हणता ते त्याच्याशी जुळतं. म्हणजे तुमचं खळं हीच ती दहा टक्के जागा असावी. अशा जागेवर विरंगुळ्याच्या सोयीचं थोडंफार बांधकाम नियमात बसतं. भाड्यानं द्यायची दुकानं बसत नाहीत.

'जागा समितीची आहे' हे खरं असेल. पण मालकी वेगळी आणि बांधायची परवानगी वेगळी. तुमचं घर तुमचंच असतं, तरी वरचा मजला चढवायला परवानगी लागतेच ना? नगर परिषदेच्या हद्दीत नियोजन प्राधिकरण नगर परिषद, हद्दीबाहेर असेल तर जिल्हाधिकारी. शिवाय बाजार समिती 1963 च्या पणन कायद्यावर चालते. तिला स्थावर मालमत्ता विकायची, भाडेपट्ट्यानं द्यायची तर कलम 12(1) खाली पुण्याच्या पणन संचालकांची आधी परवानगी लागते. नुसता संचालक मंडळाचा ठराव पुरत नाही.

माहिती अधिकारात अर्ज करा, पण एकाच अर्जात सगळं कोंबू नका. महाराष्ट्राच्या नियमात एका अर्जाला एकच विषय आणि 150 शब्दांची मर्यादा आहे, मोठा अर्ज त्याच कारणानं परत येतो. दहा रुपयांचं कोर्ट फी तिकीट लावा. नगर परिषदेकडं रेखांकन आणि बांधकाम परवानगी मागा, समितीकडं ठराव आणि संचालकांची परवानगी. 'अभिलेखाची पाहणी करू द्यावी' हे वाक्य जरूर घाला. समोर बसून गठ्ठा उघडला की जे दिसतं ते टपालानं आलेल्या उत्तरात दिसत नाही.

तुम्ही लातूरचे म्हणून सांगतो. लातूरची गंजगोलाई बाजारपेठ 1917 ला नगररचनाकार फैयाजुद्दीन यांनी आखली. मधे गोल आणि भोवती सोळा रस्ते. बाजार आखणारा माणूस आधी मोकळी जागा आखतो आणि मग दुकानं, हे मी तिथं उभा राहून शिकलो.

गाळाधारक

मी दुसऱ्या बाजूचा आहे, तरी लिहितो. आमच्या गावच्या मोंढ्यात 2019 ला असेच गाळे निघाले. मी चार लाख अनामत भरली, त्यातले दीड लाख बायकोचं सोनं ठेवून उचलले. पावती मिळाली, ताबा पत्र मिळालं, शटरला रंग दिला. मग कुणीतरी कोर्टात गेलं आणि स्थगिती आली. पाच वर्षं शटर बंद आहे. अनामत मागायला गेलो तर निकाल लागू द्या म्हणतात. बँकेचं व्याज निकालाची वाट बघत नाही.

तक्रार करणाऱ्याचा मला तेव्हा फार राग होता. नंतर मी स्वतः कागद काढले. परवानगीच नव्हती. मला गाळा देताना हे कुणीच सांगितलं नाही, आणि मीही विचारलं नाही, कारण देणारी समिती होती, कुणी बिल्डर नव्हता.

म्हणून भाऊ, एक काम करा. तुमच्याकडं अजून लिलाव झाला नसेल तर गाळ्यासाठी पैसे भरायला निघालेल्या लोकांना आत्ताच गाठा. ती बहुतेक तुमच्याच ओळखीची पोरं असणार, खतं-बियाणं नाहीतर मोबाईलचं दुकान टाकू बघणारी. त्यांना म्हणा, भरण्याआधी बांधकाम परवानगीची प्रत मागा. ते तुमच्या विरोधात जायचे थांबतील आणि त्यांचे पैसेही वाचतील.

माळवं विकणारी, बीड जिल्हा

तुमचे वडील म्हणायलेत ते अगदी खरं आहे. आमच्या आठवडी बाजारात पाण्याच्या टाकीजवळ मोकळी जागा होती, तिथं पक्की दुकानं चढली. गावातल्या चांगल्या माणसांनी तक्रार केली, त्यांचा हेतू वाईट नव्हता. पण अर्जात लिहिलं 'बाजारतळावरील सर्व अतिक्रमणे काढावीत'. सर्व म्हटल्यावर साहेबांनी सोपं ते आधी केलं. बुधवारी सकाळी सातला आले आणि आमची पालं उचलली. माझा तराजू, दोन क्रेट टोमॅटो, कोथिंबिरीच्या जुड्या ट्रॅक्टरच्या ट्रॉलीत. मी तेवीस वर्षं तिथं बसते. दर बाजारी तहबाजारीची, म्हणजे बसायच्या जागेच्या कराची, पावती फाडते. आधी दोन रुपयांची होती, आता वीसची आहे. त्या पावत्या मी सुतळीत ओवून घरात खुंटीला अडकवून ठेवल्या होत्या. सासूनं लावलेली सवय. तीच उपयोगाला आली.

एका शिकलेल्या पोरीनं मला 2014 चा पथविक्रेत्यांचा कायदा वाचून दाखवला. शहरात सर्वेक्षण होऊन प्रमाणपत्र मिळेपर्यंत जुन्या विक्रेत्याला उठवता येत नाही. आणि जिथं विक्रेते पन्नास वर्षांहून जास्त बसतात तो बाजार वारसा बाजार धरायचा, तिथून हलवायचं नाही, असं त्यात आहे. सुतळीतल्या पावत्या घेऊन आम्ही अकरा बायका मुख्याधिकाऱ्यांसमोर बसलो. तराजू परत मिळाला, जागाही मिळाली. टोमॅटो गेले ते गेलेच.

तेव्हा भाऊ, अर्जात 'अतिक्रमण' हा शब्दच घालू नका. 'विनापरवाना पक्के आरसीसी बांधकाम' असं लिहा आणि कोणत्या जागेवर ते चतुःसीमेसकट लिहा. खाली वेगळी ओळ टाका की टपरीवाले आणि गाडेवाले यांच्याबद्दल आमची तक्रार नाही. आणि त्या सहा जणांची सही पहिल्यांदा घ्या. ते तुमच्या बाजूनं उभे राहिले तर त्यांना उठवणं अवघड जातं.

खंडपीठात वकिली

वरचं सगळं बरोबर आहे, वेळेचं तेवढं सांगतो. कॉलम उभे आहेत पण स्लॅब पडलेला नाही, ही तुमची सगळ्यात जमेची बाजू आहे. मुख्याधिकाऱ्यांना आजच लेखी अर्ज द्या आणि पोहोच घ्या. 1966 च्या कायद्यात कलम 54 खाली काम थांबवायची नोटीस देता येते, 53 खाली काढून टाकायची, आणि 52 खाली विनापरवाना बांधकाम हा गुन्हाच आहे. माहिती अधिकाराच्या उत्तराची वाट बघत बसू नका, त्यात तीस दिवस जातात आणि तेवढ्यात शटर बसतात.

दिवाणी कोर्टात मनाईसाठी धावू नका. या कायद्याखालच्या आदेशांना तिथं आव्हान देता येत नाही, कलम 149 आडवं येतं. अर्जावर हालचाल झाली नाही तर औरंगाबाद खंडपीठात रिट याचिका, किंवा खूप शेतकरी एकत्र असतील तर जनहित याचिका. पण आधी अर्ज दिल्याची पोहोच हवीच. उशीर झाला तर समोरचा वकील पहिला मुद्दा तोच घेतो, की इतके दिवस काय करत होतात.

'लोकांनी पैसे भरलेत, आता पाडणार कसं' हेही ऐकावं लागेल. लखनौच्या अमीनाबाद बाजारातल्या झंडेवाला पार्कात तिथल्या महापालिकेनं बिल्डरकडून जमिनीखाली बाजार संकुल बांधून घ्यायला घेतलं होतं. 1999 मध्ये सर्वोच्च न्यायालयानं ते काढून बाग पूर्ववत करायला सांगितलं. पैसा खर्च झालाय म्हणून बेकायदेशीर बांधकाम कायम होत नाही. त्याआधी 1991 ला बंगळुरूची बाग खासगी दवाखान्याला द्यायचा निर्णयही त्याच न्यायालयानं टिकू दिला नव्हता.

एक काळजी मात्र घ्या. सर्वोच्च न्यायालयाच्या 13 नोव्हेंबर 2024 च्या निकालानंतर बांधकाम पाडायच्या आधी पंधरा दिवसांची नोटीस आणि म्हणणं मांडायची संधी देणं बंधनकारक झालंय. रस्ता, पदपथ अशा सार्वजनिक जागेला ते लागू नाही, पण तुमच्या प्रकरणात समिती हाच मुद्दा पुढं करील. म्हणून अर्जात 'ताबडतोब पाडा' असं न लिहिता 'काम थांबवा आणि कायदेशीर नोटीस द्या' असं लिहा. नोटिशीत चूक राहिली तर सगळं परत पहिल्यापासून सुरू होतं.

चार एकर कोरडवाहू, लातूर जिल्हा

सगळ्यांचे मनापासून आभार. ताई, तुमचं वाचून वडिलांना मोठ्यानं वाचून दाखवलं. ते म्हणाले, पावत्या जपणारी बाई आहे. मग उठून त्यांनी स्वतःची हमालीची जुनी वही काढून दिली. तिच्यात कोणत्या तारखेला कुणाचे किती कट्टे खळ्यावर टाकले, असं पानोपानी आहे.

आरेखक साहेब, मोंढा साडेअठरा एकराचा आहे, सात-बाऱ्यावर बघितलं. फोटोत कोपरा अर्धाच आलाय. तारीख आणि शिक्क्याची कड दिसते, क्रमांक काचेवरच्या उजेडानं धुतला गेलाय. पण पाहणीचा अर्ज लागू पडला. नगर परिषदेत एका पोरगेल्या क्लार्कनं, नवीनच दिसला, कपाटावरचा गठ्ठा उतरवून दिला. तिसऱ्या फडक्यात नकाशा निघाला. तोच, 1984 चा, आणि खुली जागा तशीच आडव्या रेघांची. प्रमाणित प्रतीचे पैसे भरलेत, पावती घेतली. बांधकाम परवानगीच्या रजिस्टरात या वर्षात मोंढ्याच्या नावानं नोंद नाही, हेही त्यानं दाखवलं. माहिती म्हणून लेखी मागितलंय.

कामबंदीचा अर्ज काल दिला, पोहोच आहे. 63 सह्या झाल्या, त्यात पहिल्या सहा टपरी आणि गाडेवाल्यांच्या. गाळाधारक भाऊ, तुमचं म्हणणं मी दोन पोरांना सांगितलं. एकानं पन्नास हजार आधीच दिलेत, त्याची पावतीसुद्धा कच्च्या कागदावर आहे. तो परवा माझ्यासोबत समितीत येणार आहे. समितीला उत्पन्न लागतं हे मला पटतं, मोंढा बंद पडला तर आमचंच नुकसान आहे. दक्षिणेकडचं जुनं गोदाम पाडून तिथं गाळे काढा, असं आम्ही अर्जातच सुचवलंय. त्याचं छप्पर तीन वर्षांपासून गळतंय.

आता एक अडचण. सचिव म्हणायलेत की नकाशातली खुली जागा ही नव्हेच, ती पलीकडं कंपाउंडजवळ होती. म्हणजे मोजणी आणावी लागणार. नकाशावर खळ्याच्या ईशान्य कोपऱ्यात एक गोल काढून 'हौद' लिहिलंय. जनावरांना पाणी पाजायचा तो हौद मी लहानपणी बघितलाय, नंतर तो बुजवला. वडिलांना जागा पक्की माहीत आहे. ती पत्र्याच्या आत येते, शेवटच्या कॉलमपासून चार पावलांवर. मोजणीत हा हौद खूण म्हणून धरता येईल का?

जुना आरेखक

येईल, आणि फार चांगली खूण आहे. बुजवलेल्या हौदाचा दगडी पाया सहसा जागेवरच राहतो. उपअधीक्षक, भूमी अभिलेख यांच्याकडं मोजणीचा अर्ज समितीलाच करायला लावा. ते करत नसतील तर नगर परिषदेनं करावी, असं तुमच्या कालच्या अर्जाला पुरवणी देऊन मागा. 'नकाशात दर्शविलेला हौद प्रत्यक्ष जागेवर दाखविण्यात येईल' हे वाक्य त्यात लिहा. मोजणीच्या दिवशी वडिलांना घेऊन जा, आणि त्यांच्याच वयाचे आणखी दोन हमाल किंवा मापाडी मिळाले तर त्यांनाही. पंचनाम्यावर तिघांच्या सह्या घ्या. तोवर आत खोदकाम होऊ देऊ नका. काही झालंच तर तारखेसकट फोटो काढा, आणि या वेळी चारही कोपरे येऊ द्या.